दोन बोटांत धरलेला पिझ्झा

ऑगस्ट लागला की आमच्या घरात पाव टिकत नाही. आज आणलेली लादी उद्या संध्याकाळी उघडावी, तर तळाशी हिरवट-राखाडी लव उगवलेली असते. कपाटातला कातडी पट्टा पांढरा पडतो, उशीच्या अभ्र्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो, बाथरूमच्या जाळीतून गांडुळं वर येतात आणि फरशीवर आळोखेपिळोखे देत पडून राहतात. डोंबिवलीत आमच्या बाजूला कारखान्यांकडून वारा आला, की या सगळ्यावर आणखी एक गोडसर, डोकं धरणारा वास पसरतो. पावसाळ्याबद्दल लोक सुंदर लिहितात. मला या दिवसांत घराच्या प्रत्येक कोपऱ्याची किळस येते, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नाही.

परवा तसाच पाव उघडला आणि नाक आपोआप मुरडलं. लगेच मी मागे वळून पाहिलं. घरात कोणी नव्हतं. कल्पना, माझी बायको, कल्याणला एका हॉस्पिटलात नर्स आहे, ती ड्यूटीवर गेली होती. तरी मी पाहिलं. ही सवय मागच्या पावसाळ्यापासूनची. नाक मुरडलं की कोणी आपल्याकडे बघत तर नाही ना, याची खात्री करायची.

मागच्या पावसाळ्यात आमची नात मैत्री आमच्याकडे होती. मुलगी मृणाल माजिवड्याला राहते, ती आणि जावई दोघेही नोकरी करतात. मैत्री ज्या पाळणाघरात जायची तिथल्या मुलांच्या हातापायांवर फोड यायला लागले, आणि मृणाल तिला उचलून आमच्याकडे घेऊन आली. "पप्पा, पाऊस संपेपर्यंतच. तुम्ही तर आता घरीच असता." मी घरीच होतो. कंपनी बंद झाल्यापासून घरीच होतो. मैत्री तेव्हा दीड वर्षाची. पुढचे दात होते, दाढा अजून हिरड्यांच्या आत होत्या. मला ती 'आबा' म्हणायची आणि ते ऐकून मी विरघळायचो, हेही खरं आहे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं लक्षात ठेवावं.

पिझ्झाचं वेड तिला कुणी लावलं, तर आम्हीच. एका रविवारी मृणालने बाहेरून मागवला. मैत्रीने खोक्यातून एक कडेचा तुकडा ओढून घेतला आणि तो हिरड्यांनी इतका चघळला की त्याची दोरी झाली. मग ती दोरी घशाशी गेली. मृणालने तिला उलटं धरून पाठीवर थापट्या दिल्या, तुकडा बाहेर पडला, आणि रडून झाल्यावर पोरगी पुन्हा खोक्याकडे बोट दाखवून "पिजा, पिजा" म्हणायला लागली. त्यानंतर वरणभात पुढे केला की ती ताट ढकलायची. "पिजा."

मग मी ठरवलं, हिच्या हिरड्यांना जमेल असा पिझ्झा आपणच करायचा. मी आयुष्यभर रसायनांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम केलं. मला वाटलं, यात काय आहे, प्रमाण आणि तापमान! पहिला बेस असा झाला की कल्पनाने तो ओट्यावर आपटून वाजवून दाखवला. "अहो, हा पोरीला देऊ नका, गॅलरीत ठेवा. कबुतरं आली की फेकून मारता येईल." दुसरा बाहेरून मऊ आणि आतून कच्चा, टाळूला असा चिकटला की मला बोट घालून काढावा लागला. हळूहळू जमलं. अर्धी कणीक, अर्धा मैदा, भरपूर दही, चिमूटभर सोडा, कोमट दूध. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला चिकटेल असं. ओल्या फडक्याखाली ठेवून द्यायचं. जाडसर लाटून मंद आचेवर तव्यावर टाकायचं, कडेने चमचाभर पाणी सोडायचं आणि झाकण ठेवायचं. एकही डाग पडू द्यायचा नाही, कारण डाग पडला तिथे तो कडक होतो. वर टोमॅटो, लाल भोपळा आणि लसणाची एक पाकळी उकडून, गाळून केलेला सॉस. चीजने मला फार छळलं. गरम असताना ते लोण्यासारखं, आणि गार झालं की रबर, त्याच्या तारा निघतात आणि लहान मुलाच्या घशाला तारेचीच भीती. शेवटी पनीर दुधात वाटून घेतलं आणि चीज फक्त वासापुरतं किसलं. मग बोटाएवढ्या लांब पट्ट्या कापायच्या, म्हणजे पोरीला मुठीत धरता येतात.

पट्टी नीट झाली का, हे बघायला मी ती दात न लावता खायचो. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबायची. विरघळली तर पास. सांगायला लाज वाटते, पण माझीच पट्टी, माझ्याच तोंडात, आणि तरी तो कोमट, ओला लगदा जिभेवर पसरला की अंगावर काटा यायचा.

मैत्रीला मात्र तो आवडला. ती आधी वरचा सॉस चोखायची. मग पट्टीचं टोक तोंडात घालून बराच वेळ ठेवायची आणि नंतर, तिला काय वाटायचं कुणास ठाऊक, तो भिजलेला, फुगलेला, लाळेने चकाकणारा गोळा तोंडातून काढून तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरायची. "आबा, घे." लाल भोपळ्याचा रंग, दह्याचा आंबूस वास, हनुवटीवरून ओघळणारी तार. माझी मान आपोआप मागे जायची. तोंडातून "शीऽ" निघायचं. मी तो गोळा दोन बोटांच्या चिमटीत धरून, हात अंगापासून लांब ठेवून, कचऱ्याच्या डब्यात टाकायचो आणि साबणाने हात धुवायचो. मग पुन्हा पट्टी, पुन्हा गोळा, पुन्हा शी. दुपार अशी जायची.

कल्पना घरी असली की तो गोळा ती खाऊन टाकायची. बोलता बोलता, टीव्हीकडे बघत.

"कसं खातेस गं?" मी एकदा विचारलं.

"कसं म्हणजे? तोंडाने. अहो, लाळ आहे ती, ॲसिड नाही. आयुष्यभर ॲसिड हुंगलंत आणि पोरीच्या लाळेला घाबरता?"

"घाबरत नाही. किळस येते."

"मृणालचं उष्टं कोण संपवायचं मग, आठवतं का?"

मला आठवत नव्हतं.

"मीच. ओट्याशी उभी राहून. गार झालेलं, कालवलेलं, निम्मं थुंकलेलं. तुम्ही तिकडे पेपर वाचत असायचात. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, कसं खातेस म्हणून." एवढं बोलून ती हसली आणि भांडी घासायला लागली. तिला माझ्यावर राग काढायचा नव्हता. मलाच तो हसण्याचा आवाज पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

एका दुपारी मी मैत्रीच्या समोर पट्टी ठेवली. तिने ती बघितली, वरचा ओठ एका बाजूला उचलला, इवलंसं नाक चुरगळलं आणि स्पष्ट म्हणाली, "शीऽ." आम्हाला कोण आनंद झाला! कल्पनाने मृणालला व्हिडिओ कॉल लावला. "अगं बघ, शी म्हणते! पुन्हा म्हण, बाळा." मैत्री पुन्हा म्हणाली. सगळे हसलो. मी सगळ्यांत जास्त हसलो.

मग ती वरणाला शी म्हणायला लागली. मग दुधाला, केळ्याला, खिमटीला. पट्टी दिली की चिमटीत धरून, हात लांब करून, जमिनीवर सोडायची आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळायची. धुतल्यासारखे. महिनाअखेर डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, वजन वाढायला हवं होतं, उलट उतरलंय. त्या दिवशी मृणाल माजिवड्याहून रडवेली होऊन आली. "पप्पा, तुम्ही हिला नक्की काय देता? मला वाटलं, तुमच्याकडे तरी नीट खाईल." मी फ्रिज उघडून दाखवला, वाटलेलं पनीर दाखवलं, सॉसची बाटली दाखवली. पिठाचं प्रमाण सांगितलं. माझा चेहरा सोडून सगळं दाखवलं.

मला अजूनही खरं काय ते कळलं नव्हतं. ते अक्का आली तेव्हा कळलं.

अक्का माझी थोरली बहीण. कळव्याला आमच्या जुन्या चाळीतच राहते, नोकरी करणाऱ्या घरांना पोळ्या करून देते. तव्याचे चटके लागून तिच्या मनगटांवर डाग पडलेत आणि मेथी-माठ निवडून बोटांच्या भेगा काळ्या झाल्यात, त्या कितीही घासल्या तरी जात नाहीत. एका रविवारी, मृणालही आमच्याकडे असताना, ती आली ती छत्री झटकत, मोठ्याने बोलत.

"काय रे दिल्या, पिझ्झा शिकलास म्हणे! आई असती तर चाळभर सांगत फिरली असती, माझ्या पोराने लाटणं धरलं म्हणून. आण, बघू दे. आणि ही कुठंय, खात नाही ती बाई? मी भरवते, कशी खात नाही बघतेच."

तिने मैत्रीला मांडीवर घेतलं. पट्टीचा तुकडा मोडला, फुंकर घातली आणि तिच्या तोंडाशी नेला. मैत्रीने तुकड्याकडे पाहिलंच नाही. ती अक्काच्या बोटांकडे बघत होती, त्या काळ्या भेगांकडे. मग वरचा ओठ एका बाजूला गेला, नाक चुरगळलं. "शीऽ." आणि अक्काच्या हातातला तुकडा तिने दोन बोटांच्या चिमटीत धरला, हात लांब केला आणि सोडून दिला.

मृणाल पटकन म्हणाली, "आत्या, मनावर नको घेऊ गं. ती हल्ली सगळ्यांनाच म्हणते."

"मनावर काय घ्यायचं? एवढंसं लेकरू," अक्का म्हणाली. तिने तुकडा उचलला, मैत्रीला मृणालकडे दिलं आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले. थोड्या वेळाने पुन्हा धुतले. चहा गॅसवर होता, पण ती थांबली नाही. "पाऊस वाढेल रे," म्हणाली. दारात चपला घालताना तिने हळू आवाजात विचारलं, "दिल्या, हे तोंड हिने कुणाचं बघितलं रे?"

आम्हा दोघांनाही ते तोंड माहीत होतं.

मी ज्या जातीत जन्मलो, त्या जातीतल्या माणसाला हा चेहरा ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ माझा शाळेतला वर्गमित्र राहायचा. नवरात्रात त्याच्या घरी मी आणि अक्का गेलो होतो, देवी बघून परत येताना, तहान लागली म्हणून. त्याच्या आईने आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाली, वाटीत शिराही दिला. वाईट बोलली नाही. आमचं खाऊन झाल्यावर तिने वाट्या आणि पेले उचलले, एकेक करून, दोन बोटांच्या चिमटीत, हात अंगापासून लांब धरून, आणि मोरीच्या कोपऱ्यात बाकीच्या भांड्यांपासून वेगळे ठेवले. तिचा ओठ एका बाजूला गेला होता. बस्स, एवढंच झालं. कळव्याचा पूल ओलांडून घरी येईपर्यंत अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. घरी आल्यावर तिने हात धुतले आणि आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "आपल्या घरात कुणाला नाक मुरडायला जागाच ठेवायची नाही." त्या दिवसापासून आमची खोली चाळीत सगळ्यांत स्वच्छ. फरशीवर पडलेलं खायचं नाही, कुणाचं उष्टं घ्यायचं नाही, नखात मळ दिसला तर जेवण नाही. मी ते सगळं शिकलो, आणि इतका अभिमान बाळगून शिकलो की एक दिवस मलाच जगाची शिसारी यायला लागली. चाळ सोडली तेव्हा चाळीतल्या वासांची आली. नंतर अक्काच्या घरी जेवायला बसलो की तिच्या बोटांकडे बघू नये म्हणून मी ताटात बघायचो. ते अक्काला कळत असणार. मैत्रीला पट्ट्या भरवताना तो चेहरा मी तिला घासाघासाने भरवला.

त्या रात्री मी कल्पनाला विचारलं, "तुला हॉस्पिटलात वास येत नाही?"

"न यायला मी काय दगड आहे?"

"मग तोंडावर दिसत कसं नाही?"

ती केस विंचरत होती. "पेशंट कुठे बघत असतो माहितेय? बेडपॅनकडे नाही. माझ्या तोंडाकडे. आपण घाण आहोत का, ते तो तिथे वाचत असतो. म्हणून नाकाने हळू श्वास घ्यायचा आणि त्याच्याशी बोलत राहायचं. किळस पोटात असू दे, तोंडावर नको."

दुसऱ्या दिवशी मी पट्ट्या केल्या आणि मैत्रीच्या शेजारी जमिनीवर बसलो. तिने बऱ्याच वेळाने एक टोक चोखलं, तोंडातून काढलं आणि माझ्याकडे बघत हात पुढे केला. मी तो गोळा तोंडात घातला. तो कोमट होता. दह्याचा आंबूसपणा, भोपळ्याचा गोडवा, आणि त्यावर एक बुळबुळीत थर, जो गिळताना घशात रेंगाळला. मला उमासा आला. मी बेसिनकडे पळालो आणि मागून आनंदाने ओरडण्याचा आवाज आला, "शीऽऽ!"

नंतरच्या दिवसांत मी बेसिनकडे पळालो नाही. एवढंच. मोठं काही झालं नाही. गोळा घ्यायचा, नाकाने हळू श्वास घ्यायचा, "मस्त झालाय गं, भोपळा गोड निघाला" असं काहीतरी बोलायचं आणि गिळायचं. बाहेर तोच चिकट पाऊस, गटाराचा तोच वास, वाळत घातलेल्या फडक्यांना येणारा तोच कुबट दर्प. कधी जमायचं, कधी ओठ जागचा हलायचा आणि मैत्रीला तो लगेच दिसायचा. लहान मुलं आपल्याकडे किती बारकाईने बघत असतात, याची मला भीती वाटायला लागली. पण ती खायला लागली. आधी पट्टी, मग वरणभात, मग काहीही. डॉक्टरांच्या काट्याने एकदा वर तोंड केलं आणि मृणालचा फोन हसरा यायला लागला. तिच्या लेखी प्रश्न सुटला होता.

अक्का मात्र आली नाही. फोन केला की म्हणायची, "येते रे, पोळ्यांच्या ऑर्डरी फार आहेत." पाऊस सरत आला, मैत्रीचे माजिवड्याला परत जायचे दिवस जवळ आले, तरी ती आली नाही. मग मीच पट्ट्या केल्या, त्या सुकू नयेत म्हणून ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात भरल्या आणि मैत्रीला घेऊन कळव्याला गेलो.

अक्काने दार उघडलं, मैत्रीचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. "या, या," म्हणाली. बशी आणली. पट्ट्या बशीत ठेवल्या, आणि फळीवरून एक चमचा काढला. नवा, चकचकीत. चमच्याच्या धारेने तिने पट्टीचे बारीक तुकडे केले आणि एक तुकडा चमच्यावर घेऊन मैत्रीच्या तोंडाशी नेला. दुसऱ्या हाताची बोटं पदराखाली.

"अक्का, हाताने दे ना," मी म्हणालो.

"असू दे रे. चमच्यानेच बरं."

मैत्रीने चमचा ढकलला. बशीतून एक अख्खी पट्टी मुठीत घेतली, चोखली, बराच वेळ तोंडात धरली आणि तोंडातून काढून अक्कासमोर धरली. "घे."

अक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदराखालून हात काढला, तो भिजलेला गोळा बोटांनी घेतला, अर्धा दाताने तोडून खाल्ला. "अगं बाई, गोड आहे की!" मैत्रीला ते पटलं नाही, तिचा खाऊ संपत होता. तिने अक्काच्या काळ्या बोटांतून उरलेला अर्धा तुकडा ओढून घेतला, आणि तोंडाजवळ नेऊन थांबली. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं.

खोटं कशाला बोलू? पोरीच्या तोंडातला, अक्काच्या दातांखालचा, तिच्या भेगांना लागलेला तो लाल लगदा बघून माझ्या पोटात व्हायचं ते झालंच. मैत्री बघत होती. तिच्या डोक्यावरून अक्काही बघत होती. टेंभी नाक्याहून पूल ओलांडून घरी येताना बघत होती तशीच. मी नाकाने हळू श्वास घेतला.

"खा की," मी म्हणालो. "अक्काने दिलंय."

मैत्रीने तुकडा तोंडात घातला. अक्का उठली, तो चमचा बशीतून उचलला आणि फळीवर जागच्या जागी ठेवून आली. मग खाली बसून, पट्टीचा पुढचा तुकडा तिने हाताने मोडला.